कढईशेजारचा खोकला

“आज कोणाची चूक? बोला, घाबरायचं नाही,” देवस्थळी साहेब म्हणाले आणि मी हात वर केला.

“वैजयंताताई, परत तुम्हीच?”

“व्हय साहेब. काल दुपारचा धण्याचा घाणा करपला. आच मी मोठी ठेवली होती.”

“शाब्बास,” साहेब म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या मागून पॅकिंगच्या पोरींनी वाजवल्या, मग कांदा कापणाऱ्यांनी, मग सगळ्यांनी. साहेबांनी पांढऱ्या फळ्यावर माझं नाव लिहिलं. माझ्या शेजारी माझ्या सासूबाई उभ्या होत्या, मालनबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांनी टाळी वाजवली नाही. मास्क गळ्यात लोंबत ठेवून त्या भिंतीकडे बघत होत्या. माझे कान तापले होते आणि पायाखालच्या फरशीवरून नजर वर उचलवत नव्हती.

आमचा कारखाना म्हणजे जयसिंगपूरबाहेरची पत्र्याची एक लांब शेड. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी. मगदूम काकींनी हा धंदा स्वतःच्या स्वयंपाकघरात सुरू केला आणि वाढवत इथवर आणला. पोरं परदेशी गेली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी तो पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला विकला. कंपनीनं नाव तेच ठेवलं, मसाला तोच ठेवला, बायकाही त्याच ठेवल्या. फक्त देवस्थळी साहेब नवे आले आणि त्यांच्याबरोबर पुण्याची पद्धत आली.

माणूस वाईट नव्हता. वयानं माझ्याएवढाच, आमच्याबरोबर जमिनीवर बसून डबा खायचा, कुणाच्या डब्यातली भाकरी मागून घ्यायचा. रोज सकाळी फळ्यापाशी उभं राहून मीटिंग घ्यायचा. त्यात एक प्रश्न ठरलेला असायचा, आज कोणाची चूक. ज्याची असेल त्यानं सगळ्यांसमोर सांगायची. रागवायचं नाही, पगार कापायचा नाही, उलट टाळ्या वाजवायच्या. “या टाळ्या चुकीला नाहीत, खरं बोलण्याला आहेत,” असं साहेब समजावून सांगायचे. पुण्याच्या कारखान्यात या पद्धतीनं चुका निम्म्यावर आल्या होत्या म्हणे. आल्या असतील. तिथं एका मशिनवरचा माणूस शेजारच्या मशिनवरच्या माणसाचा कुणी लागत नव्हता.

आमच्यात शेजारी शेजारी उभ्या असायच्या त्या सासू-सुना, जावा-जावा, नाहीतर मावशी-भाच्या. मगदूम काकींनी बायका अशाच गोळा केल्या होत्या, एकीनं दुसरीला आणून. सुरुवातीचे काही दिवस मीटिंगमध्ये कुणी तोंडच उघडलं नाही. साहेब बिचारे चेहरा पाडून उभे राहायचे. ज्या बाईच्या आपण सणावाराला पाया पडतो तिनं उभं राहून “मी चुकले” म्हणायचं आणि आपण टाळ्या पिटायच्या, हे कुणाच्या पचनी पडेना. शेवटी बायकांनी यावर आपला तोडगा काढला. चूक कुणाचीही असो, हात वर करायचा तो त्या जोडीतल्या धाकटीनं. हे कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. घरात जसं चालतं तसं चाललं, एवढंच.

साहेब खूश झाले. पुण्याला त्यांनी कळवलं की इथल्या बायका आता मोकळेपणानं बोलायला लागल्या आहेत. आणि फळ्यावरची नावं बघून त्यांनी निष्कर्ष काढला की म्हाताऱ्या बायकांचं काम निर्दोष आहे, गडबड आहे ती तरुण सुनांची. म्हणून त्यांनी आत्याबाईंना भाजणीच्या प्रमुख केलं आणि त्यांच्या हाताखाली आणखी एक कढई दिली.

आता खरी गोष्ट सांगते. आत्याबाईंचं नाक गेलं होतं.

कंपनी येण्याच्या आदल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला. त्यातून त्या उठल्या, पण एके दिवशी घरी स्टोव्हशेजारी बसून तांदूळ निवडत असताना दूध लागून पातेलं काळं झालं आणि त्यांना पत्ता नाही. शेजारीण वास घेत आत आली तेव्हा त्या तिलाच विचारायला लागल्या, “काय झालं गं? कुठं काय करपलं?” मी मोरीतून ते बघत होते. मला आधी आठवली ती कारखान्यातली कढई. कारण धणे, खोबरं, मिरची भाजायची ती वासावर. रंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सासरे गेल्यापासून त्या कढईपाशी उभ्या होत्या. बाजारात गेल्या तरी लोक वाट द्यायचे, मसाल्याच्या मालनबाई आल्या म्हणायचे. पोराच्या लग्नासाठी मुलगी बघायला माझ्या माहेरी आल्या तेव्हा माझ्या वडिलांना त्यांचं नाव आधीपासून माहीत होतं. ते नाक गेलं असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही.

मी त्या वेळी कढईशेजारी पाटावर बसून मिरच्यांची देठं काढायची आणि आच सांभाळायची. एकदा ठसका लागून मला जोरात खोकला आला आणि आत्याबाईंनी लगेच धणे घमेल्यात काढले. घाणा अगदी नेमका उतरला होता. दुसऱ्या दिवशी धण्याचा वास भरला तेव्हा मी मुद्दाम खोकले. त्यांनी काढले. तेव्हापासून ते सुरू झालं. धणे झाले की मी खोकायची, खोबरं झालं की खोकायची. मिरचीच्या कारखान्यात एक खोकला जास्त झाला तर कोण बघतंय? आम्ही दोघी त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. मला वाटायचं, त्यांना ते कळतच नाही. धूर वाढला की पोरगी खोकते आणि त्यावरून आपल्याला अंदाज येतो, असं त्यांना वाटत असावं अशी माझी समजूत होती. मला जरा अभिमानही वाटायचा. एवढ्या मोठ्या बाईला आपण झाकून धरलंय असं मनात यायचं, आणि घरी त्या मला भाकरी पातळ झाली म्हणून बोलल्या की मी मनातल्या मनात हसायची.

मग कंपनीनं मोठे पंखे बसवले, धूर बाहेर ओढणारे. सगळ्यांना मास्क दिले. कढईभोवती पिवळा पट्टा मारला आणि भाजणाऱ्या बाईशिवाय आत कुणी जायचं नाही असं ठरवलं. गॅसची चावी लांब भिंतीवर नेली आणि मला तिथं उभं केलं. यातलं काहीही वाईट नव्हतं. खोटं कशाला बोलू, महिन्याभरात बायकांच्या छात्या मोकळ्या झाल्या. पण भिंतीपाशी मला वास येईना, आणि अंदाजानं खोकले तरी मास्कमधून निघून त्या पंख्याच्या घोंघाटात तो खोकला आत्याबाईंपर्यंत पोचेना. त्या कढईवरून मान वळवून माझ्याकडे बघायच्या. मला वाटायचं, ही काम करते की नाही ते बघतात.

घाणे करपायला लागले. अंदाजानं मी आच कमी करायची, त्यानं काही वाचायचे. जे वाचायचे नाहीत त्यांच्यासाठी सकाळी मी हात वर करायची. 

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. एका रविवारी माझा नवरा भानुदास दाढी करून आला तो वस्तऱ्यासारखाच होऊन.

“न्हावी विचारतोय, तुमची मंडळी कारखान्यात रोज उभी ऱ्हाऊन चुका कबूल करत्यात म्हणं. चार लोक हसली तिथं.”

“हसू देत,” मी म्हणाले.

“एवढं चुकायला हुतंय काय तुला? आईच्या हाताखाली हाईस, काय तरी शिकावं माणसानं. आईचं एकदा तरी नाव आलं का फळ्यावर?”

आत्याबाई समोरच गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मला वाटलं, आता तरी बोलतील. निदान “जाऊ दे रे” म्हणतील. त्यांनी शेंगा मोडल्या, शिरा काढल्या, परात उचलली आणि आत गेल्या. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांना न बोलताच वाढलं. भाजी हवी का तेही विचारलं नाही. माझी लाज जात होती आणि या बाईला त्याचं काहीच नाही, असं मला वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून माल परत आला. दुकानदारांची तक्रार होती, मसाल्याला जळका वास येतो. साहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मला एकटीला बोलावलं, खुर्ची दिली.

“ताई, ही शिक्षा समजू नका. पण फळ्यावर तुमचंच नाव सगळ्यात जास्त वेळा आहे. वर मला काहीतरी उत्तर द्यावं लागणार. परवापासून तुम्ही पॅकिंगला या. आचेला मी नवीन कुणीतरी देतो.”

“आणि आत्याबाई?”

“मालनबाई तिथंच. त्यांच्यावरच तर भाजणी उभी आहे.”

मी तिथून हलले तर आच अंदाजानं कमी करणारंही कुणी उरणार नव्हतं. घाणे तसेच करपणार आणि नवी बाई कशाला हात वर करील? मग आत्याबाईंचं नाव फळ्यावर येणार, साहेब कढईपाशी जाऊन उभे राहणार, आणि सगळ्यांसमोर ते उघडं पडणार. कारखान्यातून सुटल्यावर मी घरी न जाता मगदूम काकींकडे गेले.

काकी झोपाळ्यावर पाय पसरून बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मी सगळं सांगितलं. नाकाचं सांगताना माझा आवाज खाली गेला, पण त्या दचकल्या नाहीत.

“मला म्हाईत हाय की,” त्या म्हणाल्या. “तुझा पाट मी कशाला सरकवला कढईजवळ? तिथं उजेड चांगला हाय म्हणून सांगितलं तुला, आठवतंय? तिथं कवा उजेड होता?”



“काकी, मग विकताना सांगितलं का न्हाई कंपनीला?”

“काय सांगू? मशिनी दाखवल्या, गिऱ्हाइकं दाखवली, मसाल्याचं प्रमाण लिहून दिलं. त्यांनी इचारलं, आणखी काय सांगायचं ऱ्हायलंय का? आता मालनचं नाक तिच्या सुनेच्या गळ्यात हाय हे मी चार परक्या माणसांसमोर कसं बोलू? तिनं मला सांगितलेलं न्हाई, मी तिला सांगितलेलं न्हाई.” त्यांनी गुडघ्याचा पट्टा सैल केला. “मी साहेबाला भेटू का?”

“नको,” मी म्हणाले. “तुमी भेटला तर साहेबांना कळंलच.”

घरी आले तेव्हा आत्याबाई दारातच होत्या. कुठं होतीस असं विचारलं नाही. “पॅकिंगला घालत्यात म्हणं तुला,” एवढंच म्हणाल्या. मी तुटकपणे हो म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशीची मीटिंग. साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, आज कोणाची चूक. आदल्या दिवशीचं खोबरं करपलं होतं. मी हात वर करणार तोच माझं मनगट कुणीतरी धरलं आणि खाली दाबलं. आत्याबाई एक पाऊल पुढं गेल्या.

“चूक माजी हाय.”

“तुमची, मालनबाई?” साहेबांना हसूच आलं.

“कालची बी माजी. आन ह्या फळ्यावर हिच्या नावाम्होरं जेवढं लिवलंय ते समदं माजं. मला वास येत न्हाई. ताप आला तवापासनं न्हाई.”

भिंतीकडच्या बायकांनी माना खाली घातल्या. साहेब म्हणाले, “मग एवढे दिवस भाजणी कशी होत होती?”

“ही खोकायची,” आत्याबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “ही खोकली की मी काढायची. तुमी पंखं लावलं. आता मला हिचा खोकला ऐकू येत न्हाई.”

साहेबांनी पेन उघडलं. चूक सांगितली की फळ्यावर तिचं कारण लिहायचं अशी पद्धत होती. त्यांनी ‘कारण’ असा शब्द लिहिला, पुढं दोन टिंबं दिली आणि पेन तसंच फळ्याला टेकवून उभे राहिले. मग ते वळले. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी स्वतः बघितलं. त्यांना खरोखरच ते फार मोठं वाटलं असणार. त्यांनी पेन खिशात घातलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

कुणीच वाजवली नाही. ते एकटेच वाजवत होते. मग पॅकिंगच्या नव्या पोरींनी, सवय म्हणून, दोनचार टाळ्या दिल्या आणि घाबरून थांबल्या. आत्याबाईंना काय करावं कळेना. त्यांनी एकदा हात जोडले, सत्काराला जोडतात तसे, आणि मग गळ्यातला मास्क ओढून पार डोळ्यांपर्यंत वर घेतला. त्यांनी मास्क लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते. 

जमिनीनं मला पोटात घ्यावं असं मला वाटलं. इतके दिवस फळ्यासमोर माझी लाज गेली ती लाज नव्हतीच. 

घरी जाताना आम्ही ओढ्याच्या कडेनं चाललो होतो. मी विचारलं, “तुमाला ठावं होतं व्हय?”

“काय?”

“मी मुद्दाम खोकत होते ते.”

“खरा खोकला कुठला आन खोटा कुठला, कळत न्हाई व्हय? नाक गेलंय माजं. कान न्हाई गेलं.”

“मग एवढे दिवस बोलला का न्हाई?”

“तू बोलली न्हाईस, मी बोलली न्हाई. चाललं हुतं,” त्या म्हणाल्या. जरा पुढं गेल्यावर म्हणाल्या, “तुज्यासाठी टाळ्या वाजवायच्या तवा माजं हात उचलत नव्हतं बघ. त्या दिवशी भान्या बोलला तवा बी वाटलं, सांगावं. जीभ उचलली न्हाई. पोराम्होरं कसं सांगायचं?”

त्यांना न बोलता वाढलेलं ते ताट माझ्या डोळ्यांसमोर आलं. घरी आल्यावर त्यांनी भानुदासला स्वतःच सांगितलं, दोन वाक्यांत, चप्पल काढता काढता. तो आईकडे बघायचा सोडून माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा न्हाव्याचं नाव त्यानं काढलं नाही.

त्या दिवसानंतर आत्याबाई कामावर गेल्या नाहीत. आठवडाभरानं देवस्थळी साहेब घरी आले. हातात फळांची पिशवी होती. आत्याबाईंनी त्यांना बसायला चटई घातली, चहा केला.

“मालनबाई, मी सगळी व्यवस्था केली आहे,” साहेब उत्साहानं सांगत होते. “पुण्याला बोललो. त्यांनी मंजुरी दिली. पिवळ्या पट्ट्याच्या आत आता दोघींना जागा. वैजयंताताई तुमच्या शेजारी उभ्या राहतील, मास्क न लावता. वास आला की त्या मोठ्यानं सांगतील, काढा. तुम्ही काढायचं. त्यांना पदही देतोय, वास तपासनीस म्हणून. म्हणजे आधी जसं चाललं होतं अगदी तसंच.”

आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“न्हाई साहेब,” त्या म्हणाल्या.

“पण का? तीच सून, तीच कढई. फरक काय पडला?”

“तवा ती खोकत हुती,” आत्याबाई म्हणाल्या. “आता ती मला सांगणार.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगावं असं त्यांना वाटत होतं. मला समजलं होतं, पण सांगता आलं नसतं. कपातला चहा संपवून ते उठले. दारात चपला घालताना हळूच म्हणाले, “ताई, मग कढई तुम्ही घ्या. तुमच्याशिवाय आता कुणी नाही.”

मी दोन दिवस घेतले. मग हो म्हणाले. घरात एक पगार बंद झाला होता, हे कारण होतं आणि ते खरं होतं. पण मला ती कढई हवी होती, हेही तेवढंच खरं. साहेबांनी फळा पुसून काढला, चुकांचा प्रश्न बंद केला. त्याऐवजी आता चांगल्या कामाचं कौतुक करायचं ठरलं. पहिल्या दिवशी मी धणे भाजले. वास भरला तेव्हा शेजारी खोकायला कुणी नव्हतं आणि मला गरजही नव्हती. घाणा सुरेख उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी माझं नाव घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कांदा कापणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा वाजवत होत्या. मी आत्याबाईंच्या जागी उभी राहून त्या घेतल्या. मला बरंही वाटत होतं.

त्या दिवशी घरी आले तर आत्याबाई उंबऱ्यापाशी बसल्या होत्या.

“कसा उतरला घाणा?”

“बरा उतरला.”

“करपला न्हाई न्हवं?”

“न्हाई.”

“टाळ्या वाजवल्या असतील.”

“न्हाई वाजवल्या,” मी म्हणाले.

त्यांनी “बरं” म्हणून मला वाट द्यायला पाय जवळ घेतले. मी त्यांच्या अंगावरून आत गेले. माझ्या पदराला, केसांना भाजलेल्या धण्याचा खमंग वास येत होता, आणि त्यांना तो येत नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं.